आयर्विन पुलाची सवय

नोव्हाय, मिशिगन
७ एप्रिल

प्रिय बंड्या,

तू फोनवर विचारलंस की तीन तास गाडी हाणून, बर्फाच्या पाण्यात उभं राहून मासा धरतोस आणि परत सोडतोस म्हणजे डोकं फिरलंय का तुझं. तेव्हा मी हसलो आणि विषय बदलला, पण मग म्हटलं याला नीट लिहूनच सांगावं, कारण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

काल पहाटे साडेतीनला निघालो. बाल्डविन नावाचं छोटंसं गाव आहे, तिथून पेर मार्केट (Pere Marquette) नदी वाहते आणि पुढे लडिंग्टनला लेक मिशिगनला मिळते. तिच्यावर धरण नाही, त्यामुळे तळ्यातले स्टीलहेड थेट वरपर्यंत येतात. स्टीलहेड म्हणजे वेगळा मासा नाही बरं का, आपला रेनबो ट्राउटच, फक्त नदीत जन्मून मोठ्या पाण्यात जातो, तिथं खाऊन पिऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. सॅमनसारखा अंडी घालून मरतोच असं नाही, परत तळ्यात जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. मूळचा तो इथला नाही, पॅसिफिककडचा, माणसांनी आणून सोडलेला. माझ्यासारखाच, बाहेरून येऊन इथं रुळला.

पाणी ४० फॅरनहाइट, म्हणजे आपलं साडेचार डिग्री. वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतची पाणी न शिरणारी पँट, घातले तरी पाय अर्ध्या तासात लाकूड होतात. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ जमतो आणि दर पाच-सहा कास्टनंतर तो बोटांनी फोडायचा, आणि बोटं तर आधीच गेलेली. काठावर बर्फात बारकी काळी स्टोनफ्लाय चालताना दिसली, एवढ्या थंडीत किडा कसला फिरतोय म्हणून मी बघतच राहिलो लेका. तिच्यासारखीच काळी निम्फ, म्हणजे गळावर धागे-पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा, बांधून आणली होती, वरून मोरपिसाचे दोन धागे गुंडाळलेले. मोरपीस बघितलं की मला तुझा तरंगाच आठवतो, पिसाची काडी आणि खाली गळ, इथं त्यालाच इंडिकेटर म्हणतात आणि दुकानात डॉलर मोजून घ्यायचा.

गाबोळीसारखी दिसणारी फ्लाय (असल्या खोट्या आमिषाला फ्लायच म्हणतात) पण असते, नारंगी लोकरीचा नुसता गोळा. मादी अंडी घालते तेव्हा थोडी वाहून जातात आणि खाली टपलेले मासे ती खातात, म्हणून.

आणि इथं एक गोष्ट मला फार शरमेनं शिकावी लागली. मादी शेपटीनं खडी उकरून खड्डा करते, त्याला रेड म्हणतात, नदीच्या तळाशी तो भाग धुतल्यासारखा उजळ दिसतो. मागच्या वर्षी मी बिनधास्त त्याच्यावरून चालत गेलो, तर एक म्हातारा पलीकडच्या काठावरून असा ओरडला की विचारू नकोस. अंडी पायाखाली चिरडतात ना. काल तसल्याच एका उजळ जागेवर तीन मासे उघड दिसत होते, चार-चार किलोचे असतील, आपण लहानपणी असतो तर तिथंच दगड मारून धरले असते. मी काठाकाठानं वळसा घालून खालच्या काळ्या डोहाकडे गेलो. मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

डोहात दोन तास काही नाही. मग इंडिकेटर थांबला, फक्त थांबला, बुडाला पण नाही. मला वाटलं खडकात अडकलं. रॉड उचलला आणि पाणी फुटलं रे! चांदीसारखा लांबडा मासा हवेत, आणि मी काय केलं असेल? सांगलीत आयर्विन पुलाखाली मरळ लागली की आपण काय करायचो? दोरी मुठीत आवळून मागं पळायचं आणि थेट चिखलात ओढायची! चाळीस वर्षांनी हातानं तेच केलं. इथं रीळ मोकळी सोडायची, त्याला पळू द्यायचं, कारण शेवटचा धागा जेमतेम ८ पौंडांचा ताण सोसणारा. टक्. संपलं. तिथं उभं राहून मी मराठीत शिव्या दिल्या, एक बाई कुत्रा घेऊन चालली होती तिनं हात हलवून गुड मॉर्निंग केलं.

जाता जाता एक ब्राऊन ट्राउट मात्र लागला, वीतभर, अंगावर लाल ठिपके. जर्मनीहून आलेल्या अंड्यांची पिल्लं १८८४ साली याच बाल्डविनच्या पाण्यात सोडली होती, अमेरिकेतल्या पहिल्या ब्राऊन ट्राउटपैकी ती. ओल्या हातानं गळ काढला, पाण्यातच धरून ठेवला, क्षणभर थांबला आणि निसटला. हा सगळा पट्टा फक्त फ्लायचा आणि मासा सोडूनच द्यायचा, त्यामुळे तुझ्या कालवणाचा प्रश्नच नाही. येताना फ्रोझन सुरमई घेतली, बायकोनं तळली, तेवढीच.

पुढच्या शनिवारी परत जातोय. तोवर घरी रोज रीळ मोकळी सोडायची प्रॅक्टिस, मुलगा सोफ्यावरून लाइन ओढत पळतो.

आयर्विनखाली पाणी किती आहे सध्या? तू अजून तिथं बसतोस का, ते कळव.

तुझा,
दिग्या