अनोळखी जागा सुचवताना समोच्चरेषांचा नकाशाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पुरवणीत ‘गर्दीपासून दूर’ अशा जागांचे लेख सुरू होतात. जागेचे नाव, पुण्या-मुंबईहून अंतर, एक सुंदर फोटो आणि मोबाइलवर थेट तिथे नेणारा क्यूआर कोड. यातला क्यूआर कोड काढून त्या जागी समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, छोटा नकाशा छापावा, अशी माझी विनंती आहे.

सह्याद्रीत अंतराचा आकडा फसवा असतो. मुरबाड तालुक्यातले बेलपाडा आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मोबाइलच्या पडद्यावर अगदी शेजारी दिसतात. पण मध्ये कडा उभा आहे. तिथून वर जाणारी नळीची वाट दोर आणि प्रस्तरारोहणाचा सराव असलेल्यांचीच. बाकीच्यांना माळशेज घाट चढून, ओतूर-कोतूळवरून मोठा वळसा घेत गडाच्या पायथ्याच्या पाचनईला यावे लागते. साध्या रस्त्याच्या नकाशावर यातले काही कळत नाही. समोच्चरेषांच्या नकाशावर मात्र त्या रेषा कड्यापाशी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. शाळेच्या भूगोलात आपण सगळेच हे शिकलो आहोत.

हे नकाशे मिळवणेही आता अवघड राहिलेले नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर आधारलेली ॲप रेंज नसतानाही चालतात, फक्त नकाशा घरूनच उतरवून न्यायला हवा. वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 मधला नियम आजही उपयोगी पडतो. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्याकडची शेवाळलेली कातळवाट आणि सोबतची मुले धरली, तर त्यातही भर घालावी. एवढे गणित केले की अंधाराच्या आत खाली येता येईल का, हे निघण्यापूर्वीच समजते.

धबधब्याला जायचे असेल तर त्याच्या वरच्या भागाचा नकाशा आधी पाहावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी बघता बघता वाढले. आपण उभे असतो तिथे पाऊस उघडलेला असतो आणि वरच्या पठारावर तो कोसळत असतो. वरून किती ओढे येऊन मिळतात, त्यांचा पाणलोट, म्हणजे ज्या भागातले पाणी त्यांत येते तो, केवढा, हे नकाशावर बोटाने रेघ ओढत गेले तरी दिसते. पाणलोट मोठा आणि घळ अरुंद असेल, तर जोराच्या पावसात तिकडे फिरकू नये.

दुसरी गोष्ट गावाची. ज्या ओढ्यात आपण डुंबतो त्याच ओढ्याचे पाणी खालच्या वाडीत प्यायला जात असते. कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, गर्दी वाढली आणि मग तिथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आली. तसल्याच पातळ मातीच्या, फुलांनी भरलेल्या इतर सड्यांना, म्हणजे कातळपठारांना, असे कोणतेही कुंपण नाही. एका रविवारी पन्नास गाड्या चढल्या तर तिथली माती दबते, कंद तुडवले जातात आणि पुढच्या वर्षीच्या फुलांना मुकावे लागते. म्हणूनच अशा एकाही सड्याचे नाव मी या पत्रात लिहिलेले नाही.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणालाही भर घालता येते. गाडी कुठपर्यंत न्यावी, पिण्याच्या पाण्याचे टाके कोणते, पावसात कोणती वाट बंद असते, या खुणा गावातल्याच कॉलेजच्या मुलांनी घातल्या तर त्या शहरातल्या कोणापेक्षाही अचूक असतील. काय दाखवायचे आणि काय झाकून ठेवायचे हे ठरवण्याचा पहिला हक्कही गावाचाच.

तेव्हा पुढचा लेख छापण्यापूर्वी त्या ग्रामपंचायतीला आणि जागा अभयारण्यात असेल तर वनखात्याला एक फोन करावा. रविवारी किती गाड्या मावतील, मुक्कामाला परवानगी आहे का, शेवटची एसटी किती वाजता, हे विचारून घ्यावे आणि मिळालेली उत्तरे फोटोखालीच ठळक अक्षरांत द्यावीत. गावाने ‘नको’ म्हटले, तर त्या आठवड्याला दुसरी जागा निवडावी.

आपला,
एक नियमित वाचक, संगमनेर