लाल दिवा आणि पाच तारे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्वतीच्या आसपास माझा केबलचा धंदा आहे. थोडी गिऱ्हाइकं सहकारनगरच्या सोसायट्यांत, थोडी जनता वसाहत या गरीब वस्तीत. २०१३ साली पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, तोवर आम्ही नुसते टीव्हीवाले. आता मुख्य काम ब्रॉडबँडचं. वायर ओढायची आम्ही, नाव कंपनीचं.

दुरुस्ती झाली की गिऱ्हाईक ॲपवर तारे देतं. कंपनी त्यालाच 'समाधान' म्हणते, आणि माणसं कुठे आधी पाठवायची ते त्यावर ठरतं. आमच्याकडे वस्तीचे तारे सोसायट्यांपेक्षा नेहमी जास्त असतात. वाचणाऱ्याला वाटेल, वस्तीत काय झकास नेट आहे!

गेल्या वर्षीचा एक दिवस सांगतो. सकाळी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर गेलो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, गृहस्थ स्वयंपाकघरात उभे राहून मोबाइलवर स्पीड मोजत होते. राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. १४० आला म्हणून त्यांनी तिसरी तक्रार नोंदवलेली. माणूस वाईट नाही. वर्षाचे पैसे एकरकमी भरतात, त्यात सूटही मिळते, म्हणून हक्काने बोलतात. जाताना एक तारा दिला. शेजारच्या आजोबांचा फक्त व्हॉट्सॲप आवाज बंद झाला होता. तो चालू केला तर पाच तारे आणि वर चहा.

दुपारी वसुलीला वस्तीत गेलो. जाहिरातीत ४९९, जीएसटी धरून ५८९ रुपये. वरच्या नव्वदासाठी दर महिन्याला मलाच बोलणी. हे एक कनेक्शन तीन घरं मिळून वापरतात. बघतो तर नेटच्या बॉक्सवर लाल दिवा, म्हणजे नेट बंद. उंदराने फायबरची वायर कुरतडलेली. "कधीपासून?" विचारलं तर ताई म्हणाल्या, "झाले नऊ दिवस. म्हटलं, दादा येणारच आहेत पैसे न्यायला."

नऊ दिवस! तेव्हा 'लाडकी बहीण'चं ई-केवायसी चाललं होतं. ताईंनी मुलाच्या हॉटस्पॉटवर दोन रात्री प्रयत्न केला. ओटीपी येईना. साइटच चालत नाही असं सगळ्याच बायका म्हणत होत्या, मग वायरकडे कोण बघणार?

तक्रार केली असती तरी नोंदवणार कशी? कनेक्शन घरमालकाच्या नावावर. ॲप उघडायचं तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो आणि तो राहतो हडपसरला. 'आमची सेवा कशी वाटली' म्हणून फोन येतो तोही त्यालाच. तो म्हणतो, "चांगली आहे." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) शहरी भारतातल्या ७२.५ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी ५१.८ टक्के. ज्या वापरतात, त्यांतल्याही किती जणींच्या नावावर कनेक्शन आहे हे मला पावत्या फाडताना दिसतं. शिवाय ज्यांनी आजवर २८ दिवसांच्या पॅकवर वर्षाला तेरा रिचार्ज केले, त्यांना घरात वायर आली हेच मोठं. "चालतंय की" म्हणतात. ते 'चालतंय' कंपनीच्या खात्यात समाधान म्हणून जमा होतं.

दुरुस्ती लांबली तर नेटच्या भाड्यात सूट द्यावी, असे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम आहेत. पण घड्याळ सुरू होतं तक्रार नोंदवल्यावर. नोंदच नसेल तर सूट कशाची?

माझं मागणं साधं आहे. कुठला बॉक्स बंद आहे हे कंपनीला पडद्यावर दिसतं. वीज गेल्याने बंद आणि फायबर तुटल्याने बंद, हेही वेगळं कळतं. फायबर तुटून एक दिवस उलटला की ती आपोआप तक्रार धरावी. गिऱ्हाइकाने फोन करो वा न करो. ट्रायने एवढं सक्तीचं करावं. हे मी कंपनीच्या माणसाला सांगितलं, तर म्हणाला, तुमच्या एरियाचं रेटिंग चांगलंय, कशाला उकरून काढता?

त्या नऊ दिवसांचे १७७ रुपये मीच माझ्या कमिशनमधून सोडले. ताईंनी चारशे बारा मोजून दिले आणि वर विचारलं, "उरलेले पुढच्या महिन्यात धरायचे ना?"

— एक केबलचालक, पर्वती, पुणे