वाड्याला सिमेंट नको

पुण्यातला १८०७ सालचा विश्रामबाग वाडा पाहून अनेकांना आपला पडका वाडाही सावरावासा वाटतो. हौस चांगली, पण घोडं अडतं ते कंत्राटदारापाशी. मालक तीन दरपत्रकं मागवतो आणि सर्वांत स्वस्ताला काम देतो. हा कंत्राटदार आधी भेगा सिमेंटने लिंपतो, वर चकचकीत ऑइलपेंट. जुन्या भिंती चुन्याच्या आणि पांढऱ्या मातीच्या. त्यांत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट मात्र ती आत कोंडतं. मग पोपडे सुटतात, वीट भुसभुशीत होते आणि भिंतीत टेकलेली सागवानी तुळईची टोकं कुजतात. दोष अर्थातच ‘जुन्या बांधकामा’वर!

कंत्राटदाराचं दोन-तीन पावसाळ्यांपूर्वीचं काम मालकाने ऐन श्रावणात जाऊन पाहावं. चुना किती दिवस भिजवणार, तुळईचं फक्त कुजलेलं टोक बदलता येईल का, हे विचारावं. ‘सगळंच काढून नवीन टाकू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. महापालिकेनेही वारसा यादीतल्या घरांसाठी चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांची आणि सुतारांची नावं वॉर्ड ऑफिसात लावावीत.

— एक वाडामालक, कसबा पेठ, पुणे