पहिले काम कोणी दिले, हेही विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती मी आपल्या वृत्तपत्रात आवर्जून वाचतो. जिद्द, कल्पकता, भांडवल हे सारे त्यांत असते. परंतु त्या उद्योजकाला सांभाळून घेणारी माणसे शेवटच्या आभारापुरतीच येतात. अनेक वर्षे लहानसा व्यवसाय केलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव फार खटकते.

पाठिंबा म्हणजे शाबासकी, असा आपला समज असतो. मला मिळालेला पाठिंबा वेगळा होता. पहिल्याच वर्षी मी एका मोठ्या कामाचे दरपत्रक तयार केले होते. त्याच धंद्यातील एका ज्येष्ठांनी, जे खरे तर माझे स्पर्धकच होते, तो कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीने त्यात दोन ओळी वाढवल्या: माझी स्वतःची मजुरी आणि साठ दिवसांच्या उधारीवरचे व्याज. पुन्हा बेरीज केली तेव्हा, ज्या कामात मी नफा धरून बसलो होतो, त्यात चक्क तोटा निघाला. त्या दिवशी कोणी माझी नुसती पाठ थोपटली असती, तर मी वर्षभरात दुकान बंद केले असते.

अमेरिकेतील मुद्रक व राजकारणी बेंजामिन फ्रँकलिन यांना आपण स्वकर्तृत्वावर मोठा झालेला माणूस म्हणून ओळखतो. त्यांनी 1727 मध्ये फिलाडेल्फियात ‘जंटो’ नावाचे मंडळ काढले. काच बसवणारा, जमीन मोजणारा, सुतार, दस्तऐवजांच्या नकला करणारा असे नाना व्यवसायांतले लोक दर शुक्रवारी संध्याकाळी तेथे जमत. फ्रँकलिन यांनी छापखाना सुरू केला तेव्हा त्या नकला करणाऱ्या सभासदाने त्यांना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासाचे चाळीस फर्म्यांचे (म्हणजे अनेक पाने एकत्र छापलेल्या मोठ्या कागदांचे) काम मिळवून दिले. पुढे छापखान्यासाठी ठरलेले पैसे पूर्ण उभे राहिले नाहीत आणि प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा मंडळातील दोघा मित्रांनी, एकमेकांना न कळवता, पैसे देऊ केले. फ्रँकलिन यांचे कष्ट यामुळे तसूभरही कमी ठरत नाहीत. पण ते काम आणि तो पैसा वेळेवर आला नसता, तर कष्ट करायला छापखाना उरला असता का?

या मंडळात सगळे मुद्रक नव्हते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. एकाच धंद्यातले लोक हिशेबातली चूक दाखवतात, पण नवे गिऱ्हाईक बहुधा बाहेरच्या ओळखीतूनच येते. नवउद्योजकाला दोन्हींची गरज असते, आणि धंदा बुडालाच तर त्यानंतरही त्याला पूर्वीसारखेच बोलावणाऱ्या माणसांची तर सर्वांत जास्त.

म्हणून विनंती अशी की, यापुढील मुलाखतींत दोन प्रश्न जरूर विचारावेत: पहिले काम कोणी दिले, आणि अडचणीच्या काळात कोणी आपल्या पैशांसाठी तगादा लावला नाही? उत्तरात आलेल्या माणसांशीही आपल्या प्रतिनिधींनी बोलावे.

आपला,
एक नियमित वाचक