पूर्वतयारीचा वेळ शाळेतच मिळावा

महोदय,

जून उजाडला की प्राथमिक शिक्षिकांच्या घरी रात्रीची जेवणं उरकल्यावर पुठ्ठे, कात्री, फेविकॉल बाहेर निघतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याचे किमान 45 तास ठरवले आहेत आणि पूर्वतयारी त्यांतच धरली आहे. मग वर्गाची मांडणी घरच्या वेळेतून का काढायची?

काम कमी करण्याचेही मार्ग आहेत. खळीने भिंतीला डकवलेले तक्ते पावसाळ्यात ओल धरतात, खळीला झुरळं लागतात, तक्ता काढताना रंगाचे पोपडे निघतात. त्याऐवजी दोन खिळ्यांना नायलॉनची दोरी ताणून बांधावी आणि तक्ते कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवावेत. दोरी अशा उंचीवर हवी की पहिलीच्या मुलाला तक्ता मान वर न करता वाचता येईल. बहुतेक वर्गांत ती फार वर असते. अक्षरकार्डांवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावताना कडेला अर्धा सेंटिमीटर पट्टी बाहेर ठेवावी. अगदी कडेशी कापली तर दमट हवा आत शिरून कार्ड फुगतं. दशकाच्या काड्यांचे गठ्ठे लोकरीने बांधावेत, कारण रबरबँड मे महिन्याच्या उन्हाने चिकट होऊन तुटतात.

नवं काही करून बघायची हौस शिक्षकांकडे भरपूर आहे. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात आठवड्याला निदान दोन तासिका पूर्वतयारीसाठी लेखी दाखवाव्यात आणि त्या गैरहजर शिक्षकाच्या बदली तासिकांसाठी काढून घेऊ नयेत.

— एक प्राथमिक शिक्षिका, सातारा