रात्रीच्या पाण्याला जाताना

परभणी,
मार्गशीर्ष

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि तुझ्या खोकल्याच्या आधी तुझ्या वडिलांचीच, अण्णांची काळजी लागली. सत्तरीतला माणूस अनवाणी पायानं रात्री दोन वाजता गव्हाला पाणी देतो आणि तू लिहितोस, ‘त्यांना सवय आहे.’ अरे, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच.

तू इतकी वर्षं मुंबईत काढलीस, तिथं स्वेटर पेटीतून काढायची वेळ येत नाही. आपल्याकडं डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं, उत्तरेचं कोरडं वारं सुटतं आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. 2018 च्या डिसेंबरअखेर इथं कृषी विद्यापीठात पारा दोन-तीन अंशांवर आला होता. सगळ्यात जास्त गारठा पडतो तो दिवस उगवायच्या सुमारास, म्हणजे नेमकं तुम्ही दमलेले असता तेव्हा. गव्हाला पहिलं पाणी पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी द्यावंच लागतं. लाईट रात्रीची असली तर रात्रीच जावं लागणार. मग नीट कपडे घालूनच जा.

तू थंडीसाठी मागवणार म्हणतोस ते साडेतीन हजारांचं जाकीट मागवू नकोस. एकच जाड कपडा शेतात कामाचा नाही. खोरं चालवायला लागलास की पाच मिनिटांत आतून घाम फुटतो. जाकीट काढलं की वारं लागतं, नाही काढलं तर अंग ओलं होतं. ऊब खरी धरते ती कपड्यांच्या मधली कोंडलेली हवा. म्हणून पातळ-पातळ तीन कपडे घाल, म्हणजे एखादा काढता येतो. तेही जरा सैल हवेत. अंगाला आवळून बसलेल्या स्वेटरात हवेला जागाच उरत नाही.

अंगाला लागून सुती बनियन नको. सुती कपडा घाम पितो आणि मग तासन्‌तास गारच राहतो. ओल्या कपड्याला हलकं घेऊ नकोस, पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. गावात कबड्डीच्या, क्रिकेटच्या स्पर्धांत वाटलेले चकचकीत टी-शर्ट घरोघरी पडलेले असतात. त्यातला एक आत घाल, तो लवकर वाळतो. त्यावर जुना लोकरीचा स्वेटर. नसेल तर संभाजीनगरला थंडीत तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात, तिथून मी आणतो. सगळ्यात वर वारं अडवायला पावसाळ्यातला रेनकोट. मोटारसायकलवर शेतात जाताना तर तो हवाच. फार गारठा असेल तेव्हा छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घाल, वारं आत शिरत नाही.

डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर हे तुला सांगायला नको.

पायांचं मात्र मनावर घे. गमबूट चारशेच्या आसपास मिळतात. एक नंबर मोठा घ्यायचा, म्हणजे आत लोकरीचे पायमोजे मावतात आणि बोटं हलवता येतात. पायमोज्यांचा दुसरा जोड पिशवीत कोरडा ठेवायचा, पाण्याच्या मोटारीजवळ बसलं की बदलायचा. रात्री पाण्याच्या दंडाच्या कडेनं साप-विंचू असतो, त्यालाही बूट बरे.

अण्णा माझ्या सांगण्यानं जाकीट घालणार नाहीत, पण त्यांची घोंगडी आहे ना? ती बाहेर काढ. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते, पण दवानं थोडी भिजली तरी ऊब सोडत नाही. खोळ करून डोक्यावरून घेतली की पाठ आणि कान दोन्ही झाकतात. शेकोटीशी बसायलाही तीच चांगली. लोकर चटकन पेट घेत नाही, तुझ्या नायलॉनच्या कपड्यावर ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. शेकोटीशी रेनकोट काढूनच बस.

घरी आल्यावरचंही सांगतो. अण्णा बाजेवर झोपतात आणि तुम्ही वरून दोन-दोन ब्लँकेटं घालता, पण गार हवा खालून विणीतून येते. बाजेवर आधी खताची रिकामी पोती अंथर, त्यावर काकूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, मग पांघरूण. मी आलो होतो तेव्हा ती वाकळ पाहिली होती. एवढ्या बारीक धावदोऱ्याची वाकळ आता कोण शिवतं? दुपारी ती उन्हात टाकत जा, दमट वाकळ ऊब देत नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, दार लावून खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. थंडीवर उतारा म्हणून कुणी घोट पाजत असेल तर तोही नको. तेवढ्यापुरतं गरम वाटतं, पण कातडीकडं रक्त धावून अंगातली ऊब उलट लवकर जाते.

खोकला आठवडाभर झाला म्हणालास, तर जिंतूरला दवाखान्यात दाखवून ये. तोवर पाण्याला गडी लाव, पैशाचं आपण बघू.

अण्णांच्या पायाचा नंबर फोनवर कळव. बाजाराच्या दिवशी दोघांचे बूट घेतो आणि एस.टी.नं तुझ्याकडं पाठवून देतो.

तुझा,
परभणीचा मित्र