विषय: आजारी कोई मासे विकून त्या लॉटच्या इतर ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला सातवा फोन केला. तो ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

४ डिसेंबरला तुमच्याकडून ४० कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, घेतले. बिलावर ‘विषाणूमुक्त, २१ दिवस विलगीकरण केलेले’ असं छापलेलं आहे. तरीही मी ते माझ्या जुन्या माशांत सोडले नाहीत, गोठ्यामागच्या वेगळ्या सिमेंटच्या टाक्यात ठेवले. नवव्या दिवशी ते तळाशी कुशीवर पडू लागले. काठीने डिवचलं की धडपडून उठायचे, दोन हात पोहायचे, पुन्हा आडवे. डोळे खोल गेलेले, कल्ले सुजलेले. सकाळी पाण्याचं तापमान २० अंश होतं, हवेचा पंप रात्रंदिवस चालू होता. चार दिवसांत २७ मेले.

१४ डिसेंबरचं बोलणं इथे पूर्ण लिहिते. तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असेलच, ताडून पाहा. फोनवरचा तुमच्या ग्राहक सेवेतला मुलगा म्हणाला, “ताई, थंडीत मासे झोपतात.” मी सांगितलं की कुशीवर पडलेला, डिवचल्याशिवाय न हलणारा मासा झोपलेला नसतो. तो म्हणाला, “मग पाण्यात क्लोरीन असेल.” माझं पाणी बोअरचं आहे, त्यात क्लोरीन कुठून येईल? मग त्याने अकरा मिनिटं गाणं ऐकवलं. परत येऊन म्हणाला, “अँटिबायोटिकची दोन पाकिटं पाठवतो, दहा टक्के सूट लावतो.” मी विचारलं, विषाणूवर अँटिबायोटिक काय करणार? तर म्हणे, “ताई, खेड्यात एवढं विषाणू-बिषाणू कोण पाहतं? मेलेले फेका अन् नवे घ्या.”

फेकू कुठे? माझ्या टाक्याचा नाला धुऱ्याच्या कडेने गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, उतरतो. त्या बोडीत मच्छीमार संस्थेने रोहू-कतलासोबत सायप्रिनस, म्हणजे खायचा साधा कार्प, सोडला आहे. कोई आणि सायप्रिनस एकाच जातीचे, जो रोग याला होतो तो त्यालाही होतो, हे तुमच्या धंद्यात कोणाला सांगावं लागू नये. त्या बोडीवर ढिवरांची घरं चालतात. मी त्याच संध्याकाळी नाला रेतीच्या पोत्यांनी बुजवला, मेलेले मासे चुना टाकून खोल पुरले, जाळी आणि बादल्या ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवल्या. हे सगळं मी केलं, विकलेल्या मालाची जबाबदारी मात्र तुमची होती.

कल्ल्यांचा पीसीआर अहवाल सोबत जोडला आहे. कोई हर्पीस हा जीवघेणा विषाणू निघाला नाही. तो निघाला असता तर काय झालं असतं याची कल्पना तुम्हाला असणार. जपानच्या कासुमिगौरा तलावातले पाळलेले कार्प २००३ साली त्यानेच मेले. निघाला तो कार्प एडिमा विषाणू, ज्याला कोईवाले झोपेचा रोग म्हणतात. जपानला तो १९७० च्या दशकापासून माहीत आहे. याने कल्ले सुजतात, पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो, अंगातले क्षार पाण्यात निघून जातात. म्हणूनच यात साधं मीठ कामाला येतं, हजार लिटरला पाच किलो. हे मला दुसऱ्या एका कोईवाल्याने सांगितलं आणि १३ मासे वाचले. तुमच्या माणसाने पहिल्याच फोनवर मीठ सांगितलं असतं तर आणखी वाचले असते. त्याने पाकिटं विकायला काढली. हे १३ आता बरे दिसतात, पण रोग बाळगून असू शकतात, म्हणून एकही विकणार नाही.

पैसे मला परत हवेतच. पण सातही फोनमध्ये मी पहिली मागणी वेगळीच केली होती. लॉट क्रमांक बिलावर आहे. त्या लॉटमधले मासे ज्यांना गेले त्यांना आजच कळवा आणि तो लॉट विकणं थांबवा. प्रत्येक वेळी उत्तर आलं, “ग्राहकांची माहिती गोपनीय आहे.” मला नावं नकोतच! तुम्ही स्वतः फोन करा ना. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे ती यादी नाही. लागण झालेले मासे कुठे गेले हे कळल्याशिवाय साथ अडवता येत नाही. आत्ता थंडी आहे म्हणून रोग दिसतो. चैतात पाणी तापलं की लक्षणं दबतील, वाचलेले मासे धडधाकट दिसतील, बाजारात जातील आणि पुढच्या थंडीत दुसऱ्याच कोणाच्या टाक्यात मरतील.

सहा वर्षं मी तुमचेच मासे घेतले. आमच्या तालुक्यातल्या चार बायकांनी माझ्या शब्दावर तुमच्याकडून खरेदी केली. त्यांना मीच फोन केले. एकीचे मासे याच लॉटचे आहेत, आणि तिने ते जुन्या माशांत मिसळून टाकले होते.

सात दिवसांत लॉट थांबवल्याचं आणि सगळ्या खरेदीदारांना कळवल्याचं लेखी उत्तर हवं. नाही आलं तर बिल आणि अहवाल घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याकडे जाईन, आणि भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारी बाईही ग्राहकच ठरते.

अँटिबायोटिकची पाकिटं पाठवू नका. न मागता आलेलं पहिलं पाकीट तसंच ठेवलं आहे, ते घेऊन जा.

तुमची ग्राहक,
तालुका लाखनी, जिल्हा भंडारा

सोबत: बिलाची प्रत, पीसीआर अहवाल, मेलेल्या माशांचे फोटो